इंग्रजीचे बदलते वळण, आपल्या शाळा आणि आपले लेखन: काय दुरुस्त करावे, काय सोडून द्यावे?

धागालेखिका: मुद्रितशोधक, दादर

नमस्कार.

गेली २६ वर्षे मी मुंबईत मुद्रितशोधन आणि संपादन करते. एका लहान प्रकाशनसंस्थेची मराठी पुस्तके हे माझे मुख्य काम. जोडीला काही सामाजिक संस्थांचे मराठी आणि इंग्रजी वार्षिक अहवाल तपासते. बराच काळ मनात घोळणारा एक प्रश्न इथल्या जाणत्या मंडळींपुढे ठेवत आहे.

गेल्या महिन्यात एका अहवालाचा मसुदा माझ्याकडे आला. लिहिणारा तरुण पंचविशीतला, कामाविषयी मनापासून तळमळ असलेला. मसुद्यात असे वाक्य होते: “या उपक्रमाद्वारे महिलांना सक्षम करण्यात आले आणि त्यांच्यामध्ये आत्मविश्वास निर्माण करण्यात आला आणि त्यामुळे एक सकारात्मक बदल पाहण्यात आला.” कोणी, कोणासाठी, काय केले, यातले काहीच या वाक्यातून कळत नाही. मी त्याला फोन करून विचारले, की प्रत्यक्षात झाले काय? तो एका दमात म्हणाला, “आम्ही चाळीस बायकांची बँकेत खाती उघडून दिली, त्यांतल्या बऱ्याच जणी आता पैसे काढायला स्वतः जातात, पण ज्यांची कागदपत्रं गावाला राहिली होती, त्यांचं काम अजून अडलेलंच आहे.” मी त्याला म्हटले, की हेच लिहा. त्यावर तो संकोचला. हे ‘लिहिण्यासारखे’ आहे असे त्याला वाटतच नव्हते.

त्याच्या बोलण्यात ‘पण’ होते, ‘ज्यांची’ला ‘त्यांचं’ची जोड होती, अपयशाची कबुली होती. लेखनात आले ते दोन ‘आणि’ आणि कशालाही न बांधणारे एक ‘त्यामुळे’. अहवालाचा इंग्रजी मसुदाही त्यानेच केला होता आणि त्यातही नेमका हाच दोष होता. इंग्रजी शब्द मराठीत घुसल्यामुळे लेखन बिघडले, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु त्या मराठी वाक्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

माझ्या हातून रोज ज्या चुका दुरुस्त होतात, त्यांतल्या काही चुका नसून बदल असतात, हे मला मान्य आहे. पूर्वीचे लेखक ‘टेबलावर’, ‘कॉलेजात’, ‘स्टेशनात’ असे लिहीत. आजचे ‘टेबलवर’, ‘कॉलेजमध्ये’, ‘स्टेशनमध्ये’ असे लिहितात. बँकेला आपण पूर्ण घरचे करून घेतले म्हणून ‘बँकेत’ राहिले, आणि ऑफिसचे ‘ऑफिसात’ हे रूप मागे पडून ‘ऑफिसमध्ये’ आले. मराठीचे हे एक मोठे वळण आहे आणि ते डोळ्यांदेखत घडते आहे. ते मी अडवू का? माझ्या मते अडवू नये. परंतु विधानाचे विधानाशी नाते जोडण्याची सवय सुटणे हा बदल नव्हे, ती हानी आहे, आणि तिचे मूळ शब्दांपेक्षा शाळेत आहे असे मला वाटते. आपला अनुभव काय सांगतो?

प्रतिसाद १: निवृत्त लघुलेखक, गिरगाव

ताई, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी फोर्टमधल्या एका कचेरीत ३४ वर्षे लघुलेखक होतो. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी आठवी-नववीच्या वयात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोटले, आणि पुढे टंकलेखनाच्या वर्गात बोटे बसवली. आमच्या साहेबांचे इंग्रजी फार देखणे नव्हते, पण मजकूर सांगण्याआधी ते खिडकीपाशी उभे राहून वाक्य मनात पुरते जुळवत. त्याचे कारण साधे होते. एका पत्राच्या चार प्रती कार्बन घालून निघत; वाक्याचा शेवट फसला, तर चारही कागद काढून पुन्हा पहिल्यापासून टंकावे लागे. खाडाखोड महाग होती, म्हणून विचार आधी होत असे.

आज खोडणे फुकट झाले. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझ्या नातवाला मिळालेली ही सोय मला मिळाली असती तर आनंदच झाला असता. पण तो लिहिलेले खोडत नाही, परत वाचतही नाही. सोय मिळाली ती सुधारण्यासाठी, तिचा उपयोग होतो तो घाईसाठी.

प्रतिसाद २: बँक कर्मचारी, गोरेगाव

मी इंग्रजी माध्यमात शिकलो. घरी मराठीच बोलतो, दुकानांच्या पाट्या आणि बातम्या वाचतो, पण हा प्रतिसाद लिहायला मला पाऊण तास लागला आहे आणि तो बहिणीकडून तपासून घेतला आहे. शाळेत मराठी हा विषय परीक्षेपुरता होता: शब्दार्थ, समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा. दहा वर्षांत मराठीत स्वतःच्या मनाने एक पान लिहिल्याचे मला आठवत नाही.

मात्र धागालेखिकेच्या विवेचनाला मी एक जोड देऊ इच्छितो. इंग्रजीतही आम्ही फारसे लिहीत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आमच्या कार्यालयात बहुतेक निर्णय स्लाइडवर होतात, आणि स्लाइडवर क्रियापद लागत नाही. ‘खर्चात वाढ. ग्राहकसंख्येत घट. नवे धोरण.’ या तीन ओळींमध्ये कशामुळे काय झाले, हे कोणीही लिहिलेले नसते. बोलणारा ते तोंडाने सांगतो. सहा महिन्यांनी ती स्लाइड उघडली आणि बोलणारा बदली होऊन गेलेला असला, की ग्राहक घटले म्हणून धोरण आले, की धोरणामुळे ग्राहक घटले, हे शोधत बसावे लागते. हा प्रकार मी स्वतः दोनदा निस्तरला आहे.

त्यामुळे, माझ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने मला मराठी दिली नाही, हे दुःख खरे असले, तरी तिने मला इंग्रजी लेखन दिले हेही पूर्ण खरे नाही. तिने मला इंग्रजी उच्चार आणि आत्मविश्वास दिला.

प्रतिसाद ३: इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले

‘हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही’ ही तक्रार इंग्रजीच्या घरातही फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९२१ साली न्यूबोल्ट समितीचा इंग्रजीच्या अध्यापनावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मोठमोठ्या कारखानदारांनी, आपल्याकडे येणाऱ्या तरुण कारकुनांना धड इंग्रजी लिहिता येत नाही, अशी गाऱ्हाणी मांडलेली आहेत. १९७५ सालच्या बुलक समितीच्या अहवालानेही या जुन्या तक्रारींची आठवण करून दिली आणि आजची पिढी तेवढी बिघडली, असे समजण्याबाबत सावध केले. त्याआधी, १७१२ मध्ये, जोनाथन स्विफ्टने इंग्रजी भाषा स्थिर करण्यासाठी मंडळ नेमावे असा प्रस्ताव मांडला होता. इंग्रजी स्थिर झाली नाही, आणि तिचे लेखनही बुडाले नाही.

तिथल्या शाळांचा लंबकही हलतच राहिला. १९६० नंतरच्या काळात व्याकरणाचे औपचारिक शिक्षण तिथल्या अनेक शाळांतून मागे पडले. पुढे ते परत आले, आणि २०१३ पासून प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षी व्याकरण, विरामचिन्हे आणि शुद्धलेखन यांची स्वतंत्र चाचणी सुरू झाली. आता तिथे आक्षेप आहे तो उलटा: मुलांना वाक्याच्या भागांची नावे पाठ असतात, पण वाक्य लिहिता येतेच असे नाही. परिभाषा पाठ करणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. आपल्याकडे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण पिढ्यान्‌पिढ्या घोटले गेले. कर्तरीचे कर्मणी करण्याची शेकडो उदाहरणे सोडवलेला विद्यार्थी, कर्मणी कधी वापरावे आणि कधी टाळावे, हे मात्र शिकत नसे.

धागालेखिकेच्या उदाहरणातील ‘करण्यात आले’चा उगम मला इथेच दिसतो. ते जुन्या कचेरीतल्या इंग्रजीचे मराठी रूप आहे. खुद्द इंग्लंडमध्ये सरकारी इंग्रजी साधे करावे म्हणून चळवळ झाली, १९७९ मध्ये त्यासाठी प्लेन इंग्लिश कॅम्पेन ही संस्था स्थापन झाली, आणि पत्रांतून कर्ता पुढे आणण्याचा आग्रह वाढला. इंग्रजीने अंगावरून उतरवलेला अंगरखा आपली कार्यालयीन मराठी मात्र अजून सणासुदीला घालावा तसा घालते आहे. इंग्रजी बदलते आहे यापेक्षा, तिचा बदल आपल्यापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोचतो, हा माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे.

प्रतिसाद ४: शिक्षिका, महापालिकेची प्राथमिक शाळा, कुर्ला

मी वर्गातली बाजू सांगते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. पुढे सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढत गेले: गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी विषय मराठीत. पालकांची ती मागणी होती आणि त्यांची धडपड मी समजू शकते. ज्या घरात आई चार घरची धुणीभांडी करते आणि वडील रिक्षा चालवतात, त्या घराला इंग्रजी म्हणजे मुलाच्या पायाखालची पायरी वाटते. पण विचार करून लिहिण्याची सर्वांत चांगली जागा विज्ञानात असते: असे केले, म्हणून असे झाले, तसे केले असते, तर असे झाले नसते. ती जागा आम्ही, मुलाच्या हातात अजून न बसलेल्या भाषेकडे दिली. मूल काय करते? मार्गदर्शक पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे उतरवते. त्याच्या वहीत चूक नसते, कारण त्यात त्याचे काहीच नसते.

दहावीला २०१८-१९ पासून प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, तेव्हा पुष्कळ टीका झाली. मी तिची बाजू घेईन. आधी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठ करून येणारी मुले होती. स्वमत आणि उपयोजित लेखन यांमुळे मुलांना स्वतःचे चार शब्द मांडण्याची संधी मिळाली. मात्र त्याच्या तयारीच्या नावाखाली आकृत्या पूर्ण करणे, चौकटी भरणे, ओघतक्ता लिहिणे हे खालच्या वर्गांपर्यंत उतरले, आणि चौकटीत एका शब्दाचे उत्तर बसते, वाक्याला तिथे जागा नसते.

आणि आता वेळेचा हिशेब. माझ्या वर्गात ४२ मुले आहेत. प्रत्येकाने एक पान लिहिले आणि मी प्रत्येक पानाला पाच मिनिटे दिली, तर साडेतीन तास लागतात. अहवाल, पोषण आहार, सर्वेक्षण, निवडणुकीची कामे यांतून हे साडेतीन तास आठवड्यातून एकदाही निघत नाहीत. न तपासलेल्या लेखनाने मूल काही शिकत नाही, म्हणून आम्ही लेखन देणेच कमी केले. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, पण खरे ते हेच आहे.

प्रतिसाद ५: वाचक, ठाणे

क्षमा करा, पण शब्द इतक्या सहज सोडून देऊ नयेत. ‘ॲडजस्ट करणे’ हे एकच क्रियापद घ्या. लोकलच्या बाकावर चौथ्याला जागा करून देणे म्हणजे सरकून बसणे. सासरी रुळणे म्हणजे जुळवून घेणे. एखाद्याचा उणेपणा पोटात घालणे म्हणजे सांभाळून घेणे. नाइलाजाने कमी प्रतीची वस्तू वापरणे म्हणजे चालवून घेणे. आज या चारही ठिकाणी माझी मुले ‘ॲडजस्ट करणे’ म्हणतात. सरकून बसण्यात औदार्य आहे आणि चालवून घेण्यात नाइलाज. एका शब्दाने ते दोन्ही पुसले. मग ते लिहिणार कशाने? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’ऐवजी ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा, मुलांना जोडाक्षरे आणि संख्यानामे जड जातात, असे कारण पुढे आले. जड जाते ते काढून टाकायचे ठरवले, तर शेवटी काय उरेल?

प्रतिसाद ६: मराठीचे अभ्यासक, लालबाग

ठाण्याच्या वाचकांच्या ‘ॲडजस्ट’च्या उदाहरणाशी मी पूर्ण सहमत आहे, संख्यानामांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी शिक्षकांचे म्हणणे ऐकले पाहिजे असे वाटते. इथे एका गोष्टीची आठवण करून देतो. आपण ज्याला प्रमाण लिखित मराठी म्हणतो, ते गद्य मुंबई इलाख्यात इंग्रजीच्या शेजारीच वाढले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपली वाटणारी सामग्री मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर कँडी यांच्याकडे जाते. निबंधमाला १८७४ मध्ये सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या लांब, पल्लेदार वाक्यांवर जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाचनाचा संस्कार होता. म्हणजे, ज्या जोडणाऱ्या वाक्याबद्दल धागालेखिका हळहळत आहेत, त्याच्या घडणीत इंग्रजीचाही हात होता. त्या पिढीने इंग्रजीतून वाक्य घेतले. आपण नामे आणि विशेषणे घेतो.

शुद्धलेखनाचे नियम बदलल्याने दर्जा घसरतो, हेही अनुभवाला उतरत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘कांहीं’चे ‘काही’ आणि ‘नांव’चे ‘नाव’ झाले. तेव्हाही भाषा उघडी पडल्याची भावना अनेकांना झाली होती. माझे आजोबा अखेरपर्यंत ‘घरांत’ असेच लिहीत, आणि त्यांची पत्रे वाचताना मला ते टिंब अजूनही डोळ्यांना गोड वाटते. पण ते टिंब गेल्याने कोणाचा विचार तुटला नाही.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. ठाण्याच्या वाचकांनी माझी एक चूक दाखवून दिली. शब्दांपेक्षा वाक्य महत्त्वाचे, असे म्हणताना, एका उसन्या क्रियापदामागे चार क्रियापदे झाकली जातात हे मी लक्षात घेतले नव्हते. ‘टेबलवर’ आणि ‘ॲडजस्ट करणे’ यांना मी एकाच मापाने मोजत होते. यापुढे मोजणार नाही. ज्या शब्दामागे वेगळे काही झाकले जात नाही तो राहू द्यावा, आणि जो चार अर्थ गिळतो त्याच्यापाशी थांबून लेखकाला विचारावे, की तुम्हाला यांतला कोणता हवा आहे.

प्राध्यापकांनी इंग्रजीच्या बदलाचा विषय काढला, म्हणून इंग्रजी अहवालांबद्दलही लिहिते. एका व्यक्तीसाठी ‘they’ हे अनेकवचनी सर्वनाम वापरण्याची रीत आता तिथल्या कोशांनी आणि शैलीपुस्तिकांनी मान्य केली आहे. मेरियम-वेबस्टरने तर २०१९ चा वर्षशब्द म्हणून तेच सर्वनाम निवडले. इथले काही ज्येष्ठ संपादक त्यावर अजून लाल शाई फिरवतात. मी फिरवत नाही. ‘ते आले’ असे एका माणसाबद्दल आदराने म्हणणाऱ्या भाषेत आपण वाढलो. एकाला अनेकवचन लावणे आपल्याला अवघड वाटण्याचे कारण नाही. याउलट ‘मी तुझी मदत केली’ या वाक्याचे मी नेहमी ‘मी तुला मदत केली’ असे करते, आणि ‘तो एक हुशार मुलगा आहे’ मधला अकारण ‘एक’ काढते.

लघुलेखक काकांनी खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या साहेबांचे जे चित्र रेखाटले, ते दोन दिवस माझ्या मनातून गेले नाही. कुर्ल्याच्या शिक्षिकाताईंना एक सुचवू का? मुद्रितशोधनात आम्ही एका वाचनात सगळे पाहत नाही. एका फेरीत फक्त शुद्धलेखन, एका फेरीत फक्त आकडे आणि नावे. आपण ४२ पैकी १० वह्या एका आठवड्याला घ्याव्यात, आणि त्यांत एकच गोष्ट पाहावी: दोन वाक्ये कशाने जोडली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाला त्या आठवड्यापुरते हात लावू नये. दहा वह्यांना पन्नास मिनिटे लागतील.

प्रतिसाद ७: बँक कर्मचारी, गोरेगाव

ही पद्धत मी स्वतःसाठी वापरून पाहतो. एक शंका मात्र राहते. लांब वाक्य म्हणजे चांगले वाक्य, असा अर्थ यातून निघू नये. आमच्याकडे ग्राहकांना जाणारी जुनी पत्रे लांब वाक्यांचीच होती, आणि ती कोणालाही कळत नसत.

धागालेखिका

मान्य. लांबीला महत्त्व नाही. ‘कागदपत्रे नव्हती. म्हणून काम अडले.’ ही दोन तोकडी वाक्येही पुरेशी आहेत. ‘म्हणून’ तेवढे हवे.

प्रतिसाद ८: शिक्षिका, कुर्ला

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सुचवल्याप्रमाणे दर शुक्रवारी १० वह्या घेतल्या. पहिल्या आठवड्यात वर्गाला फक्त ‘आणि’वर बंदी घातली आणि फळ्यावर ‘म्हणून, तरी, कारण, मात्र, जर–तर, जोपर्यंत–तोपर्यंत’ एवढे लिहून ठेवले. सुरुवातीला मुलांनी ‘आणि’च्या जागी सरसकट ‘म्हणून’ बसवले: “मी उठलो म्हणून दात घासले म्हणून शाळेत आलो.” हसू आले, पण तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की उठणे हे दात घासण्याचे कारण कसे? त्या तासाला गणित राहून गेले; वर्ग कारण म्हणजे काय, यावर भांडत होता.

एका मुलाची वही मी बाजूला काढून ठेवली आहे. अतिवृष्टीच्या दिवसाबद्दल त्याने पहिल्यांदा लिहिले होते: “खूप पाऊस पडला आणि ट्रेन बंद झाल्या आणि बाबा आले नाही आणि आम्ही झोपलो.” दुसऱ्या आठवड्यात मी त्याला तेच पुन्हा लिहायला सांगितले. ‘आले नाही’चे ‘आले नाहीत’ अजून झालेले नाही, शुद्धलेखनाच्याही पाच चुका आहेत, आणि ठरल्याप्रमाणे मी त्यांना हात लावलेला नाही. त्याने लिहिले आहे: “पाऊस पडल्यामुळे ट्रेन बंद झाल्या म्हणून बाबा रात्री आले नाही. आई झोप म्हणाली तरी ती स्वतः झोपली नाही. बाबा सकाळी दादरवरून चालत आले कारण त्यांचा फोन बंद होता आणि त्यांना वाटलं आम्ही घाबरलो असू.”

त्यातला ‘आणि’ मी राहू दिला आहे.